बार झाला की खजूर

“हिच्या बरगड्या काय, पहिल्यापासूनच दिसतात,” मामी स्वयंपाकघरात शेजारच्या परकारभाभींना सांगत होती. “खाऊनपिऊनसुद्धा अशीच. जातच तशी यांची.”

मी बाहेर पॅसेजमध्ये भेटायला आलेल्यांच्या चपलांजवळ बसले होते आणि आमची कुत्री रीम माझ्या गुडघ्याला पाठ लावून पडली होती. मामी म्हणत होती ते खोटं नव्हतं. सलुकी ही अरबांच्या शिकारी कुत्र्यांची जात. लांब पाय, रेशमी कान, आणि पोट असं आत गेलेलं की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी कुत्र्याला उपाशी ठेवतात. त्यामुळे ती खरोखर उपाशी राहायला लागली तेव्हा कुणाच्या लक्षात येईना. पण माझा हात तिच्या पाठीवर होता, आणि जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते हाताला लागत होतं. दत्तामामा गेल्यापासून तिने दह्याच्या पाण्याखेरीज कशाला तोंड लावलं नव्हतं. तेही मामीने बोट बुडवून समोर धरलं तर. ताटली समोर ठेवली की ती नीट ताठ बसायची, ताटलीकडे बघायची, मग मामाच्या खोलीच्या दाराकडे बघायची, आणि तशीच बसून राहायची. मामी तरी कुठे जेवत होती? आल्यागेल्याला चहा देऊन झाला की स्वतःचा कप ओट्यावर ठेवायची, आणि संध्याकाळी मी तो साय धरलेला कप विसळायचे.

दत्तामामा माझ्या आईचा मोठा भाऊ. इथे आखातात, मीना सलमान बंदरात, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपचा तो मॅनेजर होता. आई-बाबा पुण्याला परत गेले तेव्हा माझी इथली नोकरी नुकती लागली होती, म्हणून मी गुदैबिया भागात मामाकडे राहायला आले आणि राहिलेच. त्याला आणि मामीला मूल नव्हतं. घर जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून. गेलं वर्षभर त्या घरात ऑक्सिजनच्या मशीनची घरघर असायची. मामाची फुप्फुसं हळूहळू निकामी होत होती. शेवटी शेवटी तर बाथरूमपर्यंत जाऊन आला की तो बराच वेळ नुसता खुर्चीचे हात धरून बसायचा, आणि आम्ही त्याच्याकडे न बघता त्याचा श्वास ऐकत असायचो. एका सकाळी मामी त्याला चहाला उठवायला गेली. तो उशीला टेकून झोपला होता, तसाच होता. चेहऱ्यावर ओढ नाही, काही नाही. आईला येता आलं नाही, बाबा विमानाने आले, सगळं रीतसर झालं, आणि कुणीतरी मशीनचं बटण बंद केलं. तेव्हा जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मला रडू आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं... त्याची धाप संपली म्हणून. स्मृतिलेखात असं लिहितात की नाही मला माहीत नाही, पण त्या घरात राहिलेल्या माणसाला ते कळेल.

रीम आमच्याकडे आली तेव्हा मी अकरावीत होते, आणि शाळा सुटली की मामाकडेच असायचे. तिचा मालक बू जासिम. ‘बू’ म्हणजे इकडच्या बोलीत बाप, अमक्याचा बाप. त्याची बोट वर्षातून दोनदा मामाच्या वर्कशॉपमध्ये यायची, आणि बोटीपेक्षा गप्पाच जास्त चालायच्या. थंडीत तो मित्रांबरोबर शिकारीला परदेशी वाळवंटात जायचा, ससाणे आणि सलुकी घेऊन. रीम तेव्हा जेमतेम वर्षाची होती आणि त्याच्याकडच्या सगळ्यांत वेगवान होती. पण पहिल्याच मोहिमेत कुणीतरी तिच्या अगदी कानाशी बंदूक उडवली. ती जी पळाली ती जीपखाली जाऊन बसली, आणि संध्याकाळी तिला पाय धरून बाहेर ओढावं लागलं. त्यानंतर गाडीचं दार आपटलं तरी ती जमिनीला चिकटायची. “दत्ता, ये खलास,” बू जासिम त्याच्या हिंदीत म्हणाला. “आवाज का डर बैठ गया. शिकार मफी.” मफी म्हणजे नाही. तो तिला कुणा मेंढ्यावाल्याला देऊन टाकणार होता. मामाने चहा संपवला आणि म्हणाला, “एक साल मेरे को दो.”

मामाचं गाव राजापूरजवळ. त्याच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, रानडुकरं शेतात घुसू नयेत म्हणून परवान्याची बंदूक होती, आणि गावठी कुत्री बाराला कशी तयार करायची ते मामाने लहानपणी पाहिलं होतं. बंदुकीच्या आवाजाला तो कायम ‘बार’च म्हणायचा. “बार वाईट नसतो गो,” तो मला म्हणाला, “बार कुठून येणार ते माहीत नसतं, ते वाईट.” आणि या कामासाठी त्याने मला निवडलं. मला! शाळेत हजेरीला ‘प्रेझेंट मिस’ म्हणतानाही माझा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचत नसे. घरी सगळे मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे, तीही शक्यतो एका शब्दाची. आईने विचारलंच, की हिला कशाला, हिची तर वाचा बसलेली असते. मामा म्हणाला, “म्हणूनच. बडबड करणारं माणूस या कामाला चालत नाय.”

काम साधं होतं आणि फार सावकाश चालायचं. रीम गच्चीवर जेवत असायची आणि मी जिन्याच्या पार तळाशी उभी राहून स्टीलच्या वाटीवर चमचा मारायचे. एकदाच. वर मामा तिचे कान बघत असायचा. कान मागे गेले नाहीत तर तो जिन्याच्या कठड्यावरून हात खाली करायचा, म्हणजे पुढच्या वेळी एक मजला वर यायचं. कान मागे गेले तर हात वर, म्हणजे आहे तिथेच. वाटीनंतर कुकरचं झाकण, मग परात आणि लाटणं, मग वर्कशॉपच्या सुताराने करून दिलेल्या बिजागरीच्या दोन फळ्या, ज्या एकमेकींवर आपटल्या की खालच्या किराणावाल्याच्या हातातून तागडी पडायची. आमच्यात शब्द लागायचेच नाहीत. मी आवाज, तो हात. माझ्यासारख्या मुलीला इतका मोठा आवाज करायची परवानगी मिळणं, आणि त्यासाठी तोंड उघडावं न लागणं... त्या वर्षाइतकी मी शाळेच्या दिवसांत कधीच मोकळी नव्हते.

नियम दोन होते. ती घाबरली तर कुरवाळायचं नाही. “कुरवाळलंस तर तिला वाटतं, घाबरण्यासारखं काहीतरी खरंच आहे.” आणि दुसरा, बार झाल्यावर तिने आधी मामाकडे बघायचं, त्याने सांगितल्यावरच खायचं. शिकारी कुत्रं स्वतःच्या मनाने तोंड घालतं तर ते कामाचं नाही, असं त्याचं म्हणणं. तो बी काढलेला खजूर तळहातावर धरायचा. खजूर, दूध, मांस हे सलुकीचं जुनं खाणं आहे, हे बू जासिमने सांगितलेलं. बार व्हायचा, ती मान वर करून मामाकडे बघायची, आणि मामा त्याच्या त्या राजापुरी हेलात, सगळ्या गुदैबियाला ऐकू जाईल असा म्हणायचा, “खा गो बाय!” मग ती खायची.

हे ‘गो बाय’ माझ्या कानांना टोचायचं. कारण मामा मलाही बायच म्हणायचा. एकदा तो मला शाळेतून न्यायला आला होता आणि गेटवरून, सगळ्या मुलींच्या देखत, वडापावची पुडी उंच धरून ओरडला होता, “घे गो बाय, गरम आहे!” मुली दोन आठवडे मला ‘गोबाय’ म्हणत होत्या. त्यात वाईट हेतू नव्हता. पण मी मनाशी ठरवलं, हे शब्द आपण कधी तोंडातून काढायचे नाहीत. रीमला मी ‘ईट’ म्हणायचे. ती माझ्याकडे सभ्यपणे बघायची आणि मामाची वाट पाहत बसायची.

फळ्यांची सवय झाल्यावर आम्ही शुक्रवारी सकाळी दक्षिणेला, नेमबाजीच्या रेंजच्या कुंपणाबाहेर गाडी लावून बसायला लागलो. काचा खाली, आत कुणीतरी सराव करतंय, आणि मागच्या सीटवर रीमचे कान. पहिल्या दिवशी ती थरथरली. मामा तिच्याकडे बघेना, पेपर वाचत राहिला. मी मागे वळणार होते, तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “समोर बघ. उंट बघ.” उंट कुठेच नव्हता. काही शुक्रवारांनी ती थरथरायची थांबली, आणि मग एके दिवशी सीटवर चक्क झोपली. मामाने पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. शाबासकी म्हणून ती मला पुरेशी होती.

मग रमजान आला, आणि मामाला वाटलं की परीक्षा घ्यायला याहून चांगली संधी नाही. इथे रोजा सोडायच्या वेळी तोफ उडवतात. पोलिसांच्या पोशाखातली माणसं, मोकळं मैदान, मुलंबाळं घेऊन आलेली कुटुंबं, हातात फोन... सूर्य टेकला की धडाड् आणि लगेच अजान. मामाने गाडी मैदानाच्या पार टोकाला लावली, रीमला उतरवलं, डॅशबोर्डच्या कप्प्यातला खजुरांचा डबा काढला. तोफ उडाली. कबुतरं उठली, कडेवरची मुलं रडायला लागली, मी स्वतः दचकले. रीमने मान वर करून मामाकडे पाहिलं. “खा गो बाय!” खलास. महिनाभर आम्ही रोज गेलो, कारण मामा म्हणायचा सवय पक्की झाली पाहिजे. पुढे पुढे तर दुपार कलली की रीम स्वतःच दाराशी जाऊन बसायची. तिथे येणारे लोक तिला ओळखायला लागले. बू जासिम एकदा बघायला आला आणि तिला तोफेकडे टक लावून बसलेली पाहून पोट धरून हसला. “सायमा!” तो म्हणाला. म्हणजे हिचा रोजा आहे.

आमच्या हातून काय चूक होतेय ते आम्हां तिघांपैकी कुणालाच तेव्हा कळलं नाही.

त्या थंडीत बू जासिम तिला घेऊन गेला. ती गेली त्या दिवशी मामा गच्चीवर परात घासत बसला होता, जी मामीने आधीच घासली होती. मी अभ्यासाला म्हणून खोलीत बसले आणि एक ओळही वाचली नाही. आम्ही तिला तयार केलं होतं ते परत द्यायलाच, आणि आता दोघांनाही ते नको होतं. मग एका संध्याकाळी खाली हॉर्न वाजला. बू जासिम जिना चढून वर आला, सोफ्यावर बसला, आणि बराच वेळ त्याला हसू आवरेना. शेवटी त्याने सांगितलं ते असं: ससा उठला, रीम सुटली, सगळ्यांच्या पुढे, वाऱ्यासारखी. सशाच्या शेपटीला टेकणार एवढ्यात पलीकडे कुणीतरी बार काढला. रीम जागच्या जागी वळली, ससा सोडला, तेवढ्याच वेगाने सगळं वाळवंट ओलांडून परत आली, आणि बू जासिमसमोर ताठ बसून त्याच्या खिशाकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. “दत्ता,” तो डोळे पुसत म्हणाला, “मैंने तुमको शिकारी दिया, तुमने रोजेदार बनाया.”

मामाचा चेहरा पडायला हवा होता. तो म्हणाला, “लेकिन डरी नहीं ना?”

“डर? मफी डर. भूख!”

“मग झालं,” मामा मराठीत म्हणाला आणि मामीला चहा टाकायला सांगितलं. चहाचा ट्रे आणायला मी आत गेले तेव्हा तो माझ्या मागोमाग आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. हळूच म्हणाला, “आता नाय नेणार तो.” मी इंग्रजीत ‘गुड’ म्हणाले. आणि आम्ही दोघं सांडशी शोधत असल्यासारखं करत उगाच हसत राहिलो. मामी तिला तेव्हापासून ‘रिमा’ म्हणायला लागली, जणू कोल्हापूरहून आलेली कुणी भाची.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे चांगली होती. रोज जेवणाआधी परातीवर लाटणं, आणि मामाची हाक. मी अदलियाच्या ऑफिसातून घरी यायचे तर ती जिन्यात ऐकू यायची. दरवर्षी रमजानमध्ये मैदान. मामा आजारी पडल्यावर लाटण्याच्या जागी पलंगाशेजारचा पेला आणि चमचा आला, आणि हाक बारीक झाली, पण रीमला ती पुरायची. त्याचे हात रिकामे राहिले की तो अस्वस्थ व्हायचा, म्हणून मामी त्याला मांडीवर खजूर आणून द्यायची. तो अंगठ्याच्या नखाने बिया काढायचा आणि डबा भरायचा. शेवटच्या आठवड्यातही त्याने डबा भरला. म्हणाला, “रमजान आला, गाडीत ठेव.” मी ठेवला.

तर आता ती खात नव्हती. परकारभाभी, आमच्या समोरच्या दारातल्या, रत्नागिरीच्या, रोज काहीतरी करून आणायच्या, मटणाचं पाणी, तांदळाची पेज. मी परात वाजवली. रीम आली, बसली, मामाच्या दाराकडे बघत राहिली. मी ‘ईट’ म्हणाले. बाबांनी “खा, खा बेटा” म्हणून पाहिलं. एका दुपारी मामीने फोनमधला मामाचा जुना मेसेज लावला, त्यात तो कशावरून तरी हसून रीमला हाक मारत होता. ती ताडकन उठली आणि घरभर फिरली, न्हाणीघर, गच्ची, कपाटामागे, पलंगाखाली... मामीने फोन बंद केला आणि पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही, पण असंच चाललं तर फार दिवस काढणार नाही. तिला काय ऐकायचं होतं हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणायचं कुणी, हा प्रश्न होता. मामीच्या घशातून ते वाक्य निघत नव्हतं. आणि मी... मी परात वाजवणारी होते. हाक त्याची होती.

बारावं झालं, बाबा परत गेले, आणि दोन-तीन दिवसांत चांद दिसला. पहिल्या रोजाच्या दुपारी रीम उठली आणि दाराशी जाऊन बसली. पाय थरथरत होते, पण बसली. मी मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, “चल. मी पण येते.” परकारभाभी पाण्याची बाटली आणि समोशांची पुडी घेऊन गाडीत मागे बसल्या. “अगो, रोजा मी तिथेच सोडीन,” त्या म्हणाल्या, “तुमच्या रोजेदाराबरोबर.”

मैदान तसंच होतं. मी गाडी टोकाला लावली, कप्प्यातून डबा काढला. झाकण उघडलं तर खजूर मामाने लावले होते तसेच, एकाला एक चिकटून, प्रत्येकाच्या पोटात नखाची चीर. दोन-चार ओळखीचे चेहरे आमच्याकडे वळले, मामाला शोधून पुन्हा आमच्याकडे आले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. एक खजूर तळहातावर घेतला. रीम ताठ बसली. मामी गाडीला धरून उभी होती.

तोफ उडाली. कबुतरं उठली. रीमचे कान हलले नाहीत. तिने मान वर केली, आणि या वेळी मागे कुठलंच दार नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली. मी ओठ हलवले. आवाज फुटला नाही. अजान सुरू झाली. लोक खात होते, शेजारच्या गाडीतली मुलं आमच्याकडे बोट दाखवत होती, आणि रीम बघतच होती, न हलता, न मागता. मला वाटलं, मामा पेपरामागून म्हणतोय, समोर बघ, उंट बघ. मी समोर पाहिलं.

“खा गो बाय!”

इतक्या मोठ्याने मी आयुष्यात काही बोलले नव्हते. शेजारची मुलं गप्प झाली. आणि हेल माझा नव्हताच, मला येतो हेच मला माहीत नव्हतं. रीमने खजूर उचलला. चावला. गिळला. माझा हात चाटला आणि पुन्हा ताठ बसली, दुसऱ्यासाठी. मी दुसरा दिला, तिसरा दिला. मला हसू येत होतं. परकारभाभी तोंडात समोसा धरून म्हणाल्या, “अल्ला! ही पोर बोलते!”

मामी रडत होती, पण वेगळं, हलकं. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, कालही नव्हतं, मला माहीत होतं. मी डब्यातला आणखी एक खजूर उचलला, तो तळहातावर ठेवला, आणि हात तिच्यासमोर धरला.

“आता तू. खा गो.”